टाकीवरची वही: चोपडा तालुक्यातल्या एका घराचं प्रकरण

जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात केळी निवडून, धुऊन खोक्यांत भरण्याचं एक पॅकहाऊस आहे. त्याच्या मालकांनी मला बोलावलं, ते एक अडचण घेऊन. हंगाम ऐन भरात असताना बायका काम सोडून जातात. शिकवून तयार केलेली बाई दीड-दोन महिन्यांत पुन्हा कापसाच्या नाहीतर हरभऱ्याच्या रानात दिसते. असं का होतं ते बघा, एवढंच त्यांचं म्हणणं. मी समाजकार्य शिकवते. विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यासाठी कुठेतरी न्यायचंच होतं, म्हणून हो म्हटलं.

पहिले आठ दिवस आम्ही काम सोडलेल्या बायकांची घरं शोधत फिरलो. सगळीकडे ऐकायला मिळालं ते जवळपास एकच: पोर आजारी, सासरा अंथरुणावर, मालाच्या गाडीची वेळ ठरलेली नाही, घरचे बोलतात. नवव्या दिवशी माझ्या मनात आलं, गेलेल्यांची कारणं तर कळली. टिकलेल्या बाईकडे कोण बघणार? पोरंबाळं, म्हातारी माणसं तिच्याही घरी आहेतच. ती कशी टिकली? आणि टिकली ती घराला ओरबाडून टिकली, की तिच्या कामातून घरालाही काही मिळालं?

हे प्रकरण अशा एका बाईचं. पहिल्या हंगामातल्या जानेवारीपासून पुढच्या वर्षीच्या जूनपर्यंत मी त्या घरी जात-येत होते. लिहिते आहे ती त्यांच्या परवानगीनं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना इथे ताई म्हणते, कारण पॅकहाऊसवर सगळ्या त्यांना ताईच म्हणतात.

घर

ताईंचं वय ३५, शिक्षण सातवीपर्यंत. नवरा सालदार. खान्देशाबाहेर हा शब्द कमी कळतो, म्हणून सांगते: एका शेतकऱ्याकडे वर्षभराच्या बोलीवर राबणारा गडी म्हणजे सालदार. बोली होते आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आणि पुढच्या आखाजीपर्यंत माणूस बांधलेला. उचल आधीच घरात खर्ची पडलेली असते आणि वर्षभर ती फेडणं चालू असतं. थोरली मुलगी तेव्हा नववीत होती, मुलगा पाचवीत. सासूबाई (ताई त्यांना आत्याबाई म्हणतात) सत्तरीच्या, गुडघ्यांनी जायबंदी.

पॅकहाऊसच्या आधी ताई कापूस वेचायला जायच्या. वेचणी किलोवर असते. बोटं बोंडांच्या टोकांनी फाटतात, पाठ मोडते, संध्याकाळी काट्यावर गाठोडं टाकलं की दिवस संपला. त्या कामात कष्ट होते, शिकण्यासारखं काही उरलं नव्हतं. घरी येऊन चूल, भांडी, झोप. सासूबाईंनी त्या दिवसांचं आणि आताचं अंतर मला अहिराणीत एका ओळीत सांगितलं होतं: "पह्यले नुसतं काम करे, आते बोलस बी." आधी नुसतं काम करायची, आता बोलतेसुद्धा. या प्रकरणाचा सगळा अभ्यास मला त्या 'बोलस बी'चाच वाटतो.

टाकीवर

जळगाव जिल्ह्याच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते सगळ्यांना माहीत आहे. परदेशी जाणारं खोकं भरताना काय काय करावं लागतं, ते मात्र फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. घड बागेतून येतो. त्याच्या फण्या दांड्यापासून अर्धगोल सुरीनं सोडवायच्या. सुरी जरा आत गेली तर केळ्याच्या मानेला जखम, जरा बाहेर राहिली तर दांड्याचा तुकडा शेजारच्या फणीला टोचणार. कापल्याबरोबर चीक सुटतो. म्हणून फणी लगेच तुरटीच्या पाण्याच्या टाकीत. तिथे ती धुवायची, टोकाला चिकटलेली वाळलेली फुलं काढायची, आखूड, वाकडी, खरचटलेली केळी बाजूला करायची. मग वजन, १३ किलोचं खोकं, आणि रात्री रिफर, म्हणजे आतून थंड ठेवलेल्या, कंटेनरमध्ये १३-१४ अंशांवर माल बंदराच्या वाटेला. तापमान त्याखाली गेलं की साल काळपटते आणि केळी पुढे धड पिकतही नाहीत.

ताई टाकीवर होत्या. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी एक फणी पाण्यातून उचलली, उजेडाकडे धरली आणि अंगठा तिसऱ्या केळ्याच्या पाठीवरून फिरवला. मला तिथे काहीच दिसत नव्हतं. त्या म्हणाल्या, "मॅडम, हे आज हिरवं आहे म्हणून दिसत नाही. चार दिवसांनी इथं काळी रेघ उठेल." ट्रॉलीत घासलेला माल होता तो. सांगताना डोळ्यांत जी चमक होती, तिच्यापायी मी हे घर अभ्यासाला घेतलं.

तिथल्या लाइनवर एक अक्का होत्या. पन्नाशीच्या, मूळच्या टाकीवरच्याच, पुढे सुपरवायझर झालेल्या. अक्कांनी ताईंना एक दोनशे पानी वही दिली होती. दिवसभरात बाजूला पडलेल्या मालाची नोंद त्यात करायची: कुठल्या बागेचा, कुठल्या ट्रॉलीतून आला, का टाकला. खरचटलेलं, चीक लागलेलं, आखूड, पिकायला आलेलं, अशी चार घरं आखलेली. महिन्याभरात ताईंच्या लक्षात आलं की खरचटलेल्यापैकी बराच माल एकाच ट्रॉलीतून येतोय. त्या ट्रॉलीत तळाशी केळीची पानं अंथरत नव्हते. अक्कांनी ही गोष्ट आपल्या नावावर न खपवता मालकांना टाकीपर्यंत आणलं आणि म्हणाल्या, "ताईंनाच विचारा." मालकांनी विचारलं. दुसऱ्या दिवशी पानं अंथरली गेली.

कामात जीव ओतण्याला आपल्याकडे 'रमणं' म्हणतात. मानसशास्त्रात विल्मार शॉफेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली त्याचे तीन पदर मांडले: अंगात हुरूप असणं, काम आपलं आणि मोलाचं वाटणं, आणि करता करता वेळेचं भान हरपणं. त्यांची नऊ प्रश्नांची छोटी प्रश्नावली आहे. मी ती बोलीभाषेत, गप्पांच्या ओघात विचारली. पहिल्या हंगामात ताईंची बहुतेक उत्तरं 'रोज' किंवा 'जवळपास रोज' अशी होती.

अक्का आणखी एक करत. गाडी केव्हा लागणार हे आदल्या संध्याकाळी कळवून टाकत. मेसेज लिहून पाठवत नसत, कारण वाचता न येणाऱ्या बायका निम्म्या; व्हॉट्सॲपवर स्वतःच्या आवाजात. "उद्या साडेसातला या गं, घाई नाही." आणि एखादीला अडचण आली तर दोघींनी आपसात पाळी बदलून घ्यायला त्यांची हरकत नसे, फक्त सांगून जायचं. लेस्ली हॅमर यांनी २००९ साली कुटुंबाला साथ देणाऱ्या वरिष्ठांची चार लक्षणं दिली आहेत: मायेनं विचारपूस, प्रत्यक्ष अडचणीत मदत, स्वतःच्या वागण्यातून घालून दिलेला धडा, आणि कामाची घडीच अशी बसवणं की कामही होईल, घरही सांभाळलं जाईल. अक्कांनी यातलं काहीही वाचलेलं नव्हतं. चारही गोष्टी त्या रोज करत होत्या.

घरात काय आलं

काम आणि कुटुंब म्हटलं की बोलणं ओढाताणीवरच येतं. ग्रीनहाउस आणि ब्यूटेल या अभ्यासकांनी १९८५ साली या ओढाताणीची मांडणी केली: वेळ दोन्हीकडे पुरत नाही, एकीकडचा ताण दुसरीकडे जातो, एकीकडची वागण्याची रीत दुसरीकडे चालत नाही. ती खरीच आहे. काम सोडलेल्या बायकांच्या घरी मी तीच पाहत होते. पण त्याच ग्रीनहाउस यांनी गॅरी पॉवेल यांच्यासोबत २००६ साली दुसरी बाजूही मांडली. कामात मिळालेलं कौशल्य, आत्मविश्वास, ओळखी, वेळेची मोकळीक आणि पैसा घराला समृद्ध करू शकतात. त्याच्या दोन वाटा. एक थेट: तिकडे शिकलेलं इकडे वापरलं. दुसरी मनाची: तिकडून माणूस उमेदीनं घरी आला. ताईंच्या घरी मी दोन्ही वाटा पाहिल्या, आणि त्या पुस्तकात वाटतात तितक्या वेगळ्या नाहीत.

फेब्रुवारीत मुलीला गणिताच्या चाचणीत २० पैकी ६ मिळाले. तिनं पेपर दप्तरात लपवला होता, भावानं चुगली केली. मी त्या संध्याकाळी ओट्यावरच बसले होते. आता पोरीला मार बसणार असं मला वाटलं. ताईंनी हात पुसले, पेपर घेतला, आणि वहीच्या मागच्या पानावर चार घरं आखली. मुलीला म्हणाल्या, "मला तुझं गणित येत नाही. तू एकेक चूक सांग, का झाली ते सांग, मी लिहिते." उतरवताना चुकलं, चिन्ह चुकलं, रीत माहीत नव्हती, वेळ पुरला नाही. मुलगी आधी रडवेली होती, मग स्वतःच सांगायला लागली. सगळ्यात जास्त खुणा चिन्हाच्या घरात पडल्या. उणे-अधिकात ती घसरत होती. ताई म्हणाल्या, "म्हणजे माल खराब नाही, ट्रॉली खराब आहे." मुलगी फिसकन हसली. त्या रात्री दोघी चिमणीएवढ्या बल्बखाली उणे-अधिकाची उदाहरणं करत बसल्या. आईला उत्तर येत नव्हतं, पण चूक कुठल्या घरात पडते ते ती पाहत होती.

त्याच वर्षीच्या आखाजीला नवऱ्याची बोली नव्यानं व्हायची होती. ताई पहिल्यांदा त्यांच्याबरोबर शेतमालकाच्या ओट्यावर गेल्या. मी तिथे नव्हते, दोघांकडून वेगवेगळं ऐकलं आणि दोन्ही जुळलं. शेतमालकांनी वर्षाचे खाडे सोळा धरले होते. ताईंनी वही काढली. जानेवारीपासूनचे खाडे तारखांसह, त्याआधीचे आठवून, सगळे मिळून अकरा. क्षणभर कुणी बोललं नाही. सालदाराची बायको हिशेब काढून बसते हे त्या ओट्याला नवीन होतं. शेवटी बारावर मिटलं, आणि धान्याची बोली पायलीवर न ठेवता किलोवर झाली. नवरा मला म्हणाला, "मी पंधरा वर्षं मान खाली घालून उठत होतो तिथून." त्या आठवड्यापासून पहाटेचं पाणी भरण्याचं काम त्यानं स्वतःकडे घेतलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

घराकडूनही कामाकडे काही गेलं, ते सांगायला हवं. केळीचा चीक कपड्यावर वाळला की डाग जात नाही. ताईंच्या तीन साड्या त्यात गेल्या होत्या. सासूबाईंनी खताच्या रिकाम्या गोण्या उसवून, धुऊन, गळ्यात अडकवायचा आणि कमरेला बांधायचा एक एप्रन शिवला. पाणी आत येत नाही, चीक वरून पुसता येतो. आठ दिवसांत टाकीवरच्या सगळ्यांना तो हवा झाला. सासूबाईंनी पंधरा शिवले, शिलाई घेतली. जिला गुडघ्यांमुळे घरात बसून राहिल्याचं दुःख होतं, तिच्या ओट्यावर बायका माप द्यायला यायला लागल्या.

यात पैशाचा वाटा किती आणि कामात रमण्याचा किती, हे एका घरावरून वेगळं काढता येणार नाही. हंगामातला रोज कापसापेक्षा नियमित होता, त्यानं घराला श्वास मिळाला, हे उघड आहे. शिवाय नवरा ऐकणारा निघाला, सासू हाताची निघाली. शेजारच्या गल्लीत एका बाईला तेवढाच रोज मिळत होता आणि घरी रोज शिव्या खाव्या लागत होत्या. पण पैसा तोच राहिला आणि बाकीचं बदललं तर काय होतं, हे दुसऱ्या हंगामात डोळ्यांसमोर आलं.

त्याआधी माझी एक चूक. पहिल्या हंगामात मार्चमध्ये ताईंचं काम वाढलं, तेव्हा मी मालकांना सुचवलं की यांना अर्धा दिवस द्या, घरी वेळ मिळेल. ताईंना कळलं तेव्हा त्या माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अर्धा दिवस केला तर वही दुसरीकडे जाईल. मला वेळ कमी नाही मॅडम, मला वेळ आधी कळायला हवी." बाईला साथ द्यायची म्हणजे तिचं काम कमी करायचं, असं मी धरून चालले होते. ताईंना काम हवं होतं, पूर्ण हवं होतं. त्या दिवसानंतर मी कुणाला काही सुचवण्याआधी विचारायला शिकले.

दुसरा हंगाम

डिसेंबरात अक्का सुरतेला गेल्या. सुनेचं बाळंतपण, मुलगा तिकडेच कामाला. खान्देशातल्या कितीतरी घरांची एक खोली सुरतेत असतेच. त्यांच्या जागी आलेला सुपरवायझर कामाला चोख होता, माल त्याला कळत होता. पण आदल्या दिवशीचा निरोप बंद झाला. पहाटे साडेचारला फोन वाजायचा, "गाडी लागतेय, निघा." पाळी बदलायची नाही. पंधरा मिनिटं उशीर झाला तर अर्धा रोज. वही चालू होती, पण पानं उलटायला कुणाला वेळ नव्हता. रोज तोच, टाकी तीच, पाणी तेच.

मुलगी आता दहावीला होती. जानेवारीत तीन आठवड्यांत ती सहा दिवस शाळेत गेली नाही. पहाटे आई निघून गेली की भावाचा डबा, आजीच्या गोळ्या, पाणी नाही आलं तर हंडे. नवराही थकला होता. ओलिताच्या रात्रपाळीवरून येऊन पुन्हा घागरी. सराव परीक्षेचा विज्ञानाचा पेपर मुलीचा बुडाला. ताईंना ते दुसऱ्या दिवशी शेजारणीकडून कळलं, आणि त्यांनी मुलीच्या तोंडात मारली. मला सांगताना त्या स्वतःचा तळहात पाहत होत्या.

मी ते नऊ प्रश्न पुन्हा विचारले. हुरुपाच्या प्रश्नांची उत्तरं 'रोज'वरून 'कधीतरी'वर आली होती. काम मोलाचं वाटतं का, याला थोडं थांबून 'हो'. पण भान हरपण्याचं उत्तर जागचं हललं नव्हतं. "टाकीपुढे उभी राहिले की सगळं विसरते मी. तीच तर भीती वाटते. घर पण विसरते," त्या म्हणाल्या.

हे वाक्य मला महत्त्वाचं वाटतं. कामात बुडून जाणं त्यांच्यात शाबूत होतं. साथ गेली तशी त्या बुडण्याची घराला मिळणारी फळं थांबली, आणि घराच्या वाट्याला फक्त त्यांचं नसणं आलं. कामात रमणाऱ्या माणसाचं घर आपोआप सुखी होतं, असं कंपन्यांच्या भाषणांत ऐकायला मिळतं. मला ते पटत नाही. रमणाऱ्या माणसाला साथ नसेल तर तो न रमणाऱ्यापेक्षा जास्त ओढला जातो, कारण त्याला काम सोडवत नाही. कापसाच्या रानात असत्या तर ताईंनी दुसऱ्याच आठवड्यात घर धरलं असतं.

मालकांसमोर मी तीन गोष्टी ठेवल्या, या वेळी बायकांना विचारून. आदल्या संध्याकाळी आवाजी निरोप, चुकला तरी चालेल पण द्यायचा. पाळी बदलायची मुभा. आणि तान्ह्या पोरांसाठी सावलीची जागा. ३० हून अधिक स्त्रिया असतील तिथे पाळणाघर हवं, हे १९४८ च्या कारखाने कायद्यानं सांगून ठेवलं होतं. इथे भर हंगामात चाळीसच्या वर बायका, आणि पोरं खोक्यांच्या थप्पीमागे झोळीत. मालकांनी हिशेब केला: नवी बाई तयार होईपर्यंत किती माल वाया जातो, ते ताईंच्या वहीतच होतं. पहिल्या दोन गोष्टी त्यांनी त्याच बैठकीत मान्य केल्या. सुपरवायझर आधी कुरकुरला, त्याचा प्रश्न खरा होता, कंटेनरची वेळ त्याच्या हातात नसते. तोडगा ताईंनी दिला: नक्की वेळ सांगू नका, 'सातच्या आधी नाही' एवढं सांगा. तेवढ्यानं शाळेचं, पाण्याचं, गोळ्यांचं जमतं. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून निरोप यायला लागला, आणि मुलीची शाळा पुन्हा सुरू झाली ती परीक्षेपर्यंत चुकली नाही. ती दहावी पास झाली. गणितात ५४.

तोंडात मारलेली मात्र दोघींना अजून आठवते. मुलगी त्याबद्दल बोलत नाही.

तिसरी मागणी लटकली. जागा नाही, असं उत्तर. जूनमध्ये मी शेवटची गेले तेव्हा मृगबागेची लावण चालू होती, पॅकहाऊस जवळपास रिकामं होतं. ताईंनी मला मागच्या बाजूला नेलं. पत्र्याखाली जुनी पॅलेटं पडलेली होती. त्यांनी एक रिकामं खोकं उचललं, जमिनीवर आडवं ठेवलं, पुढे सरकवलं, पुन्हा ठेवलं, तोंडानं मोजत कोपऱ्यापर्यंत गेल्या. मग दुसऱ्या भिंतीला लागून तसंच. वहीचं मागचं पान उघडलं आणि लिहिलं: लांबीला नऊ खोकी, रुंदीला सहा. "पाच झोळ्या बसतात," त्या म्हणाल्या, "आणि एक म्हातारी बसायला. आमच्या आत्याबाई येते म्हणाल्या आहेत."